जुना हात, नवा डाव

लातूरला बारावीच्या क्लासला होतो तेव्हा क्लास सुटला की नेट कॅफे गाठायचो. पुढं नांदेडला स्वतःचाच गेमिंग कॅफे टाकला. त्यामुळं बंदुकीचे खेळ मी खुर्चीत बसूनही पाहिले आणि काउंटरमागं उभं राहूनही. या धंद्यात दर काही वर्षांनी एक उलथापालथ ठरलेली असते. ज्या खेळावर पोरं जीव टाकतात त्याचा पुढचा भाग येतो. काही गिऱ्हाइकं दोन दिवसांत रुळतात, काही महिनाभर शिव्या घालत खेळतात, काही पुन्हा फिरकतच नाहीत. हा ज्याच्या त्याच्या आवडीचा मामला आहे, असं सगळे म्हणतात. काउंटरमागून मला वेगळं दिसलं. बनवणाऱ्यानं कशाला हात लावला आणि काय जागचं हलू दिलं नाही, यावर बरंचसं ठरतं. त्यातून जे उमगलं ते क्रमानं सांगतो.

१. नेम राखावा, पाठांतर मोडावं

काउंटर-स्ट्राइक १९९९ साली 'हाफ-लाइफ' या खेळाला जोडलेला हौशी प्रयोग म्हणून जन्मला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ ही दोन पोरं त्यामागं होती. मग वाल्व्ह कंपनीनं तो हाती घेतला. २००३ मध्ये १.६ आला, २००४ मध्ये सोर्स, २०१२ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह आणि २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक २. एवढ्या काळात चित्रं बदलली, इंजिन बदललं, पण दोन गोष्टी कुणी हलवल्या नाहीत. धावता धावता गोळी झाडली तर ती भलतीकडं जाते, म्हणून आधी थांबायचं. आणि एके रायफल चालवताना नळी वर उचलते, मग डावी-उजवीकडं झुकते, म्हणून माऊस खाली ओढत न्यायचा. १.६ वर घडलेला हात आजही उपाशी मरत नाही.

मोडलं ते पाठांतर. ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये धुराचा बॉम्ब म्हणजे ठरलेल्या आकाराचा एक पडदा होता. कुठल्या भिंतीला पाठ लावायची, वरच्या कुठल्या तारेवर नेम धरायचा, बटण कधी सोडायचं, हे पोरं तोंडपाठ करायची. काही कोपऱ्यांत तर असा धूर पडायचा की आपल्याला समोरचा दिसायचा आणि त्याला आपण दिसायचो नाही. दुसऱ्या भागात धुराला खरा घेर आला. तो जागा भरतो, दारातून पुढं सरकतो, जिन्यावर पसरतो आणि सगळ्यांना एकसारखा दिसतो. गोळ्या झाडल्या तर त्यात बोगदा पडतो. हातबॉम्ब फुटला तर क्षणभर भगदाड पडून पुन्हा बुजतं.

तो भाग आला त्या आठवड्यात देगलूरकडचा एक पोरगा, आमच्याकडचा धुराचा उस्ताद, मिराजच्या नकाशात खिडकीवर नेहमीचा धूर टाकून मधून निवांत चालला होता. खिडकीमागं पलीकडच्या रांगेतला एक नवखा होता. त्यानं त्या धुरातच हातबॉम्ब फेकला. भगदाड पडलं, उस्ताद उघड्यावर, आणि एका गोळीत आडवा. "काका, ह्येच्यात धूर फुटायलाय की!" असं ओरडत त्यानं हेडफोन काढले. संध्याकाळपर्यंत तोच डाव तो दुसऱ्यांवर टाकत होता. नेम शाबूत होता म्हणून नवा डाव आत्मसात करायला त्याला एक दुपार पुरली. नेमच बिघडवला असता तर तो उठून घरी गेला असता.

२. पैशाचं गणित बदललं की माणसाचा स्वभाव बदलतो

न खेळणाऱ्याला वाटतं, हा नुसता ठो-ठो. खरं तर हा हिशेबाचा खेळ आहे. दर फेरीआधी पैसे मिळतात, त्यातून बंदूक, चिलखत, बॉम्ब घ्यायचे. सुरुवात ८०० डॉलरनं, कमाल साठा १६,०००. हे दोन आकडे अजून तसेच आहेत. मधले आकडे मात्र बदलत गेले.

१.६ मध्ये कुठल्याही बंदुकीनं एक गडी टिपला की ३०० मिळायचे. मग पोरं छोट्या मशीनगनकडं बघतील कशाला? सगळे पैसे साठवायचे आणि थेट एके किंवा एम-फोर घ्यायचे. ग्लोबल ऑफेन्सिव्हनं बक्षीस हत्यारावर बेतलं. रायफलीला ३००, बहुतेक छोट्या मशीनगनला ६००, चाकूला १,५००, आणि एका गोळीत निकाल लावणाऱ्या महागड्या ऑपला फक्त १००. बंदुका जवळपास त्याच, पण पहिली फेरी जिंकलेली पोरं आता स्वस्तातली मशीनगन घेऊन पुढच्या फेरीत पैसे कमवायला धावू लागली. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, आकड्यांनी शिकवलं.

हरणाऱ्याचं गणितही असंच. सलग हरत गेलात की भरपाई १,४०० पासून ५००-५०० नं वाढत ३,४०० पर्यंत जाते. पूर्वी मधे एक फेरी जिंकली की ती पुन्हा तळाला यायची. म्हणजे बिचाऱ्यांनी मुश्किलीनं एक फेरी जिंकायची, पुढची हरायची आणि खिसा रिकामा. मार्च २०१९ मध्ये हा नियम सैल केला. एक जिंकली तर भरपाई एकच पायरी खाली येते. त्यानंतर हरता हरता उठून बसणारे संघ मला जास्त दिसू लागले.

लातूरकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेश राज्याच्या सीईटीवरून नीटवर गेला. सीईटीत चुकलेल्या उत्तराला शिक्षा नव्हती, न येणारा प्रश्नही ठोकून द्यायचा. नीटमध्ये बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. विषय तेच, पोरं तीच, पण तुक्का मारायची खोड एका वजाच्या चिन्हानं मोडली. नव्या भागात नव्या बंदुका किती आल्या हे मी शेवटी बघतो. आधी कशाला किती पैसे मिळतात ते बघतो.

३. फेऱ्या कमी झाल्या की पहिल्या फेरीचं वजन वाढतं

ग्लोबल ऑफेन्सिव्हची स्पर्धात्मक मॅच ३० फेऱ्यांची होती. १६ जिंकणारा विजयी. दुसऱ्या भागात २४ फेऱ्या, १३ जिंकल्या की संपलं. वेळ वाचला, आणि मी त्यावर खूश होतो, कारण तासावर पैसे घेणाऱ्याला मॅच मधेच तुटणं परवडत नाही. "काका, शेवटच्या दोनच फेऱ्या!" ही विनवणी ऐकून घड्याळाकडं दुर्लक्ष करायचं किती?

पण सहा फेऱ्या काढल्या त्या फुकटात निघत नाहीत. दोन्ही अर्धांची पहिली फेरी नुसत्या पिस्तुलांची असते. ३० मधल्या दोन म्हणजे पंधरावा हिस्सा, २४ मधल्या दोन म्हणजे बारावा. पिस्तुलाची फेरी हरलेल्याला पुढच्या एक-दोन फेऱ्या कमी पैशात काढाव्या लागतात, आणि आता सावरायला मागं तेवढ्या फेऱ्याच उरत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर रायफलीवर मेहनत केली त्यांना पिस्तुलाचा सराव करावा लागला. एवढासा वाटणारा बदल सरावाचं अख्खं वेळापत्रक बदलून गेला.

४. पूर्वी नियम कॅफेवाला करायचा

१.६ बरोबर खेळातल्या पोलिसांच्या बाजूला एक ढाल आली होती. ती धरून कोपऱ्यात बसलं की समोरच्याच्या गोळ्या वाया. स्पर्धांमध्ये तिला बंदी होती आणि कॅफेतही "ढाल न्हाय, ऑटो न्हाय" असा दंडक असायचा. ऑटो म्हणजे धडाधड झाडणारी दुर्बिणीची बंदूक. दंडक मोडणाऱ्याला पलीकडच्या रांगेतून शिव्या आणि मालकाकडून तंबी. खेळ कॅफेतल्या कॅफेत चालायचा, इंटरनेटची गरज नव्हती. भारनियमनाच्या काळात जनरेटर लावला की मॅच सुरू. नकाशा कुठला, पैसे किती, फेरी किती मिनिटांची, हे सगळं आमच्या हातात.

पुढच्या भागांत ही सूत्रं कंपनीकडं गेली. डिसेंबर २०१५ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये एक नवं रिव्हॉल्व्हर आलं. किंमत पिस्तुलाची आणि मार जवळपास ऑपचा. दोन दिवस कॅफेत दुसरं काही दिसेना. मग कंपनीनं त्याचे दात काढले आणि पोरं परत मूळ पदावर आली. पूर्वी एखादं हत्यार डोईजड झालं तर आम्ही आपसात ठरवून ते बाजूला ठेवायचो. आता रात्रीत अपडेट येतो आणि सकाळी नियम बदललेला असतो. दुरुस्ती लवकर होते हा फायदा खरा. पण खेळणारे जिथं जमतात तिथं बसून नियम ठरवायची सवय मोडली, हेही तितकंच खरं. नवं हत्यार आलं की पहिला आठवडा त्याच्यामागं धावू नका, असं मी पोरांना सांगतो, ते या रिव्हॉल्व्हरमुळं.

५. घालणं सोपं, काढणं अवघड

नव्या भागाच्या जाहिरातीत काय घातलं ते असतं. डोकं लागतं ते काढायला. ग्लोबल ऑफेन्सिव्हनं जुनी बॅटरी काढली. एफ दाबून दोस्ताच्या तोंडावर उजेड मारायची आमची आवडती खोडी गेली, पण खेळाचं काही अडलं नाही. सायलेन्सर काढला तेव्हा मात्र जुने खेळाडू हळहळले आणि २०१३ मध्ये सायलेन्सरवाली एम-फोर व पिस्तूल दोन्ही परत आणावी लागली. कुठली वस्तू शोभेची आणि कुठली हाताची, हे काढल्याशिवाय कळत नाही.

वाल्व्हच्याच टीम फोर्ट्रेस २ नं २००७ मध्ये हातानं फेकायचे बॉम्ब काढून टाकले, पण नऊ प्रकारचे गडी तसेच ठेवले. बॉम्ब सगळ्यांकडं असायचे, त्यामुळं गड्यागड्यातला फरक पुसला जायचा. ते गेल्यावर डॉक्टर डॉक्टरासारखा आणि हेर हेरासारखा खेळू लागला.

ओव्हरवॉच या खेळाच्या दुसऱ्या भागानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माणूसच काढला. सहाचा संघ पाचाचा झाला आणि मार अंगावर घेणारे दोन 'टँक' होते तिथं एकच उरला. खेळ वेगवान झाला, पण हरल्यावर बोट दाखवायला एकच जण सापडू लागला. मग त्या जागेवर बसायला कोण तयार होणार? डिसेंबर २०२४ मध्ये त्या खेळाच्या कंपनीनं सहा विरुद्ध सहा पुन्हा आजमावून पाहिलं. पाचवरून सहावर जाणं सोपं असतं तर एवढी वर्षं लागली नसती, कारण मधल्या काळात सगळे गडी पाचाच्या हिशेबानं घडवले गेले होते.

६. जगाचा एक टक्का आमच्या गल्लीत राहतो

काउंटर-स्ट्राइक २ आला तो ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या जागेवरच येऊन बसला. महिन्याभरात वाल्व्हनं सांगितलं की ३२ बिट यंत्रणा, जुनं डायरेक्टएक्स ९ आणि मॅक यांचा आधार संपला. असे सगळे मिळून खेळणाऱ्यांच्या एक टक्क्याहून कमी आहेत. जगाच्या हिशेबात बरोबर असेल. पण तो टक्का सगळीकडं सारखा वाटलेला नसतो. मुंबई-पुण्यात एखादा, आणि आमच्याकडं जुन्या बाजारातून आणलेल्या डब्यांवर खेळणाऱ्यांची रांग. धूर खरा दिसावा म्हणून लागणारं ग्राफिक्स कार्ड फुकट येत नाही. मला यंत्रं बदलावी लागली, आणि तासाचा दर वाढवावा लागला. ज्यांना तो परवडला नाही ते घरच्या संगणकावर १.६ कडं परत गेले. आजही तो निमूट चालतो.

म्हणून नव्या भागाचा विचार करताना खेळाच्या नियमांइतकंच हेही बघावं लागतं: याला कुठलं यंत्र लागतं, किती डाउनलोड लागतं, आणि जुना भाग जिवंत राहतो का.

७. काही वेळा पुढचा भाग सरकार लिहितं

लातूरच्या क्लासच्या पोरांनी संगणक सोडला तो मोबाइलमुळं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि खोलीत चार जण असले की संघ तयार. दोन जीबी रॅमच्या फोनसाठी २०१९ मध्ये लाइट आवृत्तीही आली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात हे दोन्ही गेले. २ जुलै २०२१ ला क्राफ्टन कंपनीनं तोच खेळ बीजीएमआय या नावानं आणला. जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला, २९ मे २०२३ ला परतला. परत येताना अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा होती.

बंदुका त्याच, नकाशे तेच, बोटांच्या जागा त्याच. बदललं ते भोवतालचं. रक्त हिरवं झालं आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' आलं. एकदा अहमदपूरकडचे एक वडील पोराला सोडायला आले होते, पोराच्या स्क्रीनकडं बघत म्हणाले, "मालक, ह्ये तर बंद झालतं ना?" मी म्हणालो, "बंद झालं, नाव बदलून परत आलं, आणि आता तीन तासांनी आपोआप बंद पडतंय." ते खुर्ची ओढून बसले आणि पोराला म्हणाले, "मग तीन तास होईस्तोवर बसतो."

याउलट त्याच क्राफ्टननं नोव्हेंबर २०२१ मध्ये पबजी न्यू स्टेट आणला. तो खरा पुढचा भाग होता: २०५१ सालात घडणारा, ड्रोन वगैरे असलेला. आमच्याकडची पोरं चार दिवस बघून बीजीएमआयवर परतली. दोस्त तिथं, कपडे तिथं, सवय तिथं. गरीना कंपनीनं हेच ओळखून फ्री फायर मॅक्स आणताना जुन्या आणि नव्याला एकाच खात्यावरून, एकाच मॅचमध्ये खेळू दिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मूळ फ्री फायरवर बंदी आली तेव्हा पोरं मॅक्समध्ये आधीच घरच्यासारखी वावरत होती.

८. गवतात झोपणाऱ्याला उठवायचं कसं

शेवटच्या माणसापर्यंत चालणाऱ्या खेळांचा जुना रोग म्हणजे कॅम्पर. गवतात आडवं पडायचं, बाकीचे आपसात मरू द्यायचे आणि शेवटच्या दोघांत निघायचं. पबजीत खेळायची जागा आवळत नेणारं वर्तुळ असतं ते याच्यावरचं औषध म्हणून, पण पोरांनी वर्तुळाच्या कडेचं गवतही शोधून काढलं.

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनं आधी 'मास्कगन' हा मोबाइलवरचा बंदुकीचा खेळ केला होता. १६ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी 'इंडस' आणला, तोही असाच शेवटच्या माणसापर्यंतच्या झुंजीचा. त्यात शेवटी उरण्याखेरीज जिंकायचा दुसरा मार्ग ठेवला. मॅचच्या उत्तरार्धात कॉस्मियम नावाची वस्तू प्रकटते. ती काबीज केली तर मॅच तुमची. म्हणजे गवतात पडून राहिलात तर दुसरा कुणी उघड्यावर जाऊन डाव संपवेल. लपणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा धाडस करणाऱ्यापुढं बक्षीस ठेवलं. हा खेळ बीजीएमआयची जागा घेईल असं मी म्हणत नाही, पण घराजवळच्या माणसांनी जुन्या रोगाकडं नव्या बाजूनं पाहिलं, याची नोंद घ्यावीशी वाटते.

९. पहिला आठवडा कसा काढावा

नवा भाग आला की मी पोरांना चार कामं सांगतो. पहिले काही दिवस रँकची मॅच लावू नका. बंदुकांच्या किमती आणि बक्षिसांचे आकडे वहीत उतरवा, कारण तिथंच बनवणाऱ्याच्या मनातलं दिसतं. पाठ केलेला एकेक डाव रिकाम्या नकाशात तपासून घ्या. जो चालत नाही त्यावर बेधडक रेघ मारा. आणि हरलात तर कशानं हरलात ते बघा. नेम हुकला असेल तर सराव वाढवा, जुनी समजूत नडली असेल तर ती सोडा.

खेळ चांगला की वाईट याचा निकाल मी तेव्हा देत नाही. पहिल्या आठवड्यात जुने खेळाडू नाराजच असतात आणि नवखे हरखलेलेच असतात. दोन-तीन महिन्यांनी जुना उस्ताद आणि दहावीतला पोरगा समोरासमोर बसून खेळतायत, आणि कोण जिंकेल हे मला काउंटरवरून सांगता येत नाही, असं झालं की तो भाग जमला. एकच बाजू कायम जिंकत असेल, मग ती जुन्यांची असो की नव्यांची, तर बनवणाऱ्याचा हिशेब कुठंतरी चुकला आहे.